जळगावात राहून पुण्याचं काम : घरची खोली, कोवर्किंग की स्वतःचा गाळा?

मेहरूणकर

नमस्कार मंडळी. कंपनी पुण्याची, काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं आणि मुक्काम जळगावात. लॉकडाऊनमध्ये गावी आलेल्यांपैकी मी एक. बाकीचे परत गेले, मी राहिलो, आणि आता जायची इच्छाही नाही. आईवडील इथे आहेत, मुलगी इथल्या शाळेत रमली आहे.

अडचण जागेची आहे. घरात सहा माणसं आणि तीन खोल्या. संध्याकाळी अमेरिकेच्या टीमशी बोलणं सुरू होतं, नेमकं तेव्हाच घर जागं होतं. टीव्ही, कुकर, पाहुणे, सगळं त्याच वेळेला. कोणाचीच चूक नाही, घर हे घरासारखंच चालणार. पण माझ्या कामाचा दर्जा घसरतोय आणि घरचे माझ्यामुळे दबून वागतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तीन पर्याय डोळ्यांपुढे आहेत. गच्चीवर खोली बांधणे, कोवर्किंगमध्ये, म्हणजे अनेकांच्या सामाईक भाड्याच्या ऑफिसात, महिन्याची खुर्ची घेणे, किंवा एखाद्या कॉम्प्लेक्समध्ये छोटा गाळा भाड्याने घेणे. रात्री अकरापर्यंत बसावं लागतं. लाइट, नेट आणि मे महिन्यातलं ऊन या तिन्हींचा विचार करून अनुभव सांगा. जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, कुठलाही चालेल.

केळीबाग

घरीच बसा. रावेर तालुक्यातल्या खेड्यात राहून मी डिझाइनचं काम करतो, इथे कोवर्किंग कुठून आणू? मळ्यातली खोली साफ केली, फायबर ओढून घेतलं, झालं. भाड्याचे पैसे वाचवा.

देवपूरची लेक

@केळीबाग दादा, तुमच्याकडे मळ्यात खोली आहे म्हणून हे सोपं वाटतं.

मी धुळ्याला एका परगावच्या फर्मचे हिशेब सांभाळते. घरी काम करणाऱ्या बाईला कोणी कामावर आहे असं मानतच नाही. दार वाजलं की मीच उठायचं, गॅसवाला आला की मीच, सासूबाईंच्या मैत्रिणी आल्या की चहा मीच. चैत्र-वैशाखात गल्लीतल्या सगळ्या गच्च्या पापड, कुरडया आणि बिबड्यांनी भरतात. "तू घरीच आहेस ना, जरा लाटायला ये" असं प्रेमानं म्हणणाऱ्या मावशींना जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख कशी समजावणार? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंदा माहेरी येतात, कानबाईच्या सणाला रोटांचं दळण होतं. मला हे सगळं मनापासून आवडतं. पण कामाच्या वेळेत दोन्ही जमत नाही.

शेवटी कोवर्किंगमध्ये खुर्ची घेतली. जागा म्हणाल तर साधीच: एक हॉल, काचेच्या दोन केबिन, कोपऱ्यात चहाचं यंत्र. तरी सकाळी डबा घेऊन, पर्स लावून घराबाहेर पडले की घरच्यांच्या लेखी मी "ऑफिसला" गेलेली असते. काम तेच, लॅपटॉप तोच. पण दार वाजलं तर आता दुसरं कोणीतरी उठतं. भाड्याचा पैसा मला त्यातच वसूल वाटतो.

तुमचा प्रश्न रात्रीचा आहे, तिथे माझा अनुभव कमी पडतो. आमची जागा रात्री आठला बंद होते.

तापीकाठ

+१. "घरीच आहेस ना" हे वाक्य ऐकून कान किटले.

तिसरा मजला

मी गाळा घेऊन बसलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

फायदा एकच, पण मोठा: किल्ली आपल्याकडे. दोन मॉनिटर मांडून ठेवले तर सकाळी तिथेच असतात. फळ्यावर लिहिलेलं कोणी पुसत नाही. क्लायंटशी मोठ्यानं बोला, कोणी वळून बघत नाही.

आता तोटे. आपल्याकडची कॉम्प्लेक्स दुकानांसाठी बांधलेली आहेत. सगळ्यात वरच्या मजल्याचं भाडं कमी असतं कारण स्लॅब दिवसभर तापतो. रात्री नऊलाही भिंतीला हात लावला तर गरम लागतो. मधला मजला घ्या, पश्चिमेची भिंत उघडी नसलेला. दुसरं म्हणजे चॅनल गेट. वॉचमन रात्री दुकानं मिटली की गेट ओढतो आणि लिफ्ट बंद करतो. रात्री अकरापर्यंत बसायचं असेल तर गाळा पसंत करण्याआधी रात्री दहाला तिथे जाऊन उभे राहा. जिन्यात दिवा आहे का, गेटची किल्ली मिळते का, खाली कोण बसलेलं असतं, हे बघा. दिवसा दाखवलेली जागा आणि रात्रीची जागा यांत फार फरक असतो.

तिसरं, संडास. हसू नका. जुन्या मार्केटांत तो सामाईक असतो आणि कुलूपबंद असतो. किल्ली कोणाकडे असते हे भाडं ठरवण्याआधी विचारा.

वायरमन भुसावळ

लाइटीचं मी सांगतो, रोजचाच धंदा आहे.

१५० एएचची (अँपिअर-तास) एक ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे १२ व्होल्टने गुणून १८०० वॅट-तास. त्यातले सत्तर टक्के वापरता येतात असं धरा, म्हणजे साडेबाराशेच्या आसपास. दोन लॅपटॉप, एक पंखा, एक दिवा आणि राउटर मिळून सव्वादोनशे वॅट लोड धरला तर पाच तास निघतात. बॅटरी जुनी झाली की तीन-साडेतीन. दीड टनाचा एसी मात्र एकटाच दीड हजार वॅटच्या आसपास ओढतो, तो या इन्व्हर्टरवर चालणार नाही. म्हणून कोवर्किंगवाल्याला "पॉवर बॅकअप आहे का" एवढंच विचारू नका. "लाइट गेली की एसी चालतो का" असं विचारा. जनरेटर असेल तर हो म्हणेल, नाहीतर गप्प बसेल.

घरी किंवा गाळ्यात राउटरला छोटा वेगळा यूपीएस लावा. लाइनीवरून इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर लाइट गेली तरी राउटर परत चालू व्हायला दोन-तीन मिनिटं खातो आणि तेवढ्यात कॉल तुटतो.

गांधीपूल

कूलरचं काय? आमच्याकडचं ऊन कोरडं, त्यामुळे पावसाळा लागेपर्यंत कूलर एसीच्या तोडीचं काम करतो आणि वीजही कमी खातो. फक्त माइक जवळ असला तर पलीकडचा गोरा विचारतो, "तुमच्याकडे खूप पाऊस पडतोय का?" मे महिन्यात, ४४ डिग्रीला!

केळीबाग

😄 त्याला म्हणावं ये इकडे, भिज.

ताळेबंद

हिशेबाची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो.

मेहरूणकर पगारदार आहेत. पगारदाराला खुर्चीचं किंवा गाळ्याचं भाडं पगाराच्या उत्पन्नातून खर्च म्हणून वजा करता येत नाही. घरभाडे भत्त्याची सूटही राहत्या घरासाठी असते, आणि नव्या करप्रणालीत तीही नाही. म्हणून आधी कंपनीशी बोला. कंपनीनं तिच्या नावावर बिल घेऊन पैसे भरले तर तो तिचा खर्च होतो आणि भाड्यावरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावटही तिला मिळू शकते. पुष्कळ कंपन्या पुण्यात खुर्ची ठेवण्यापेक्षा हे आनंदानं करतात. विचारणारे कमी असतात.

स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांचं वेगळं. त्यांना भाडं, नेट, वीज हा धंद्याचा खर्च. मात्र आयकराच्या अंदाजी नफ्याच्या योजनेखाली (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४४एडीए) निम्मं उत्पन्न नफा म्हणून दाखवत असाल तर हे खर्च वेगळे मागता येत नाहीत. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात आलेली नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून भाडेकरू जीएसटीत नोंदणीकृत आणि गाळामालक नोंदणीकृत नसेल, तर भाड्यावरचा कर रिव्हर्स चार्जनं भाडेकरूनंच भरायचा आहे. भाडं ठरवताना हे १८ टक्के धरूनच बोला.

जीएसटी नोंदणीसाठी पत्ता लागतो म्हणून काही जण ऑफिस घेतात. तेवढ्यासाठी घेऊ नका. राहत्या घराचा पत्ताही चालतो. जागा दुसऱ्याच्या नावावर असेल तर संमतीपत्र आणि लाइट बिल जोडायचं.

तिसरा मजला

@ताळेबंद साहेब, मीटरचंही सांगा ना. गाळ्याला व्यापारी मीटर असतं, युनिटचा दर आणि स्थिर आकार दोन्ही जास्त. मला आधी कोणी बोललं नव्हतं.

ताळेबंद

बरोबर. आणि उलट बाजूही आहे. घरगुती मीटरच्या जागेत ऑफिस थाटून माणसं बसवली, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर धरला जाऊ शकतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. गच्चीवरच्या खोलीत एकटा माणूस लॅपटॉप घेऊन बसला तर कोणी विचारायला येणार नाही. पण दोन-चार पोरं कामाला ठेवली तर आधी मीटरचं बघा.

सुरत पॅसेंजर

मला वाटतं सगळेजण खुर्ची-टेबलातच अडकलेत. कोवर्किंगचा खरा उपयोग माणसं भेटण्याचा. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रॅमरनं पहिली अशी जागा सुरू केली, तीही आठवड्यातले दोन दिवस. एकट्यानं काम करायचं स्वातंत्र्य हवं आणि सोबतही हवी, एवढीच त्याची गरज होती. पहिल्या महिन्यात कोणीच फिरकलं नाही, तरी त्यानं टेबलं मांडणं सोडलं नाही.

घरून काम करणारा माणूस हळूहळू एकलकोंडा होतो. पुण्यातल्या सहकाऱ्यांना बढत्या मिळतात, नवीन तंत्र कानावर पडतं, आपण इथे दार लावून बसतो.

देवपूरची लेक

सुरत पॅसेंजर, तत्त्वाशी सहमत. पण आमच्या हॉलमध्ये माझ्या शेजारी विम्याचे एजंट, पलीकडे औषध कंपनीचे एमआर आणि केबिनमध्ये परदेशी शिक्षणाचं मार्गदर्शन करणारे सर. माझ्या क्षेत्रातलं कोणी नाही. तरी एजंटदादांच्या ओळखीनं दोन दुकानदारांचे हिशेब माझ्याकडे आले, हेही खरं.

टेबल लॅम्प

मी थोडं वेगळं मांडतो. आमची जळगावात अभ्यासिका आहे. एमपीएससी, पोलीस भरतीची मुलं बसतात. खान्देशात खुर्ची महिन्यानं भाड्यानं देण्याची पद्धत कोवर्किंग हा शब्द येण्याआधीपासून आहे, तीच आम्ही करतो. पहाटे पाचपासून रात्री बारापर्यंत उघडी, सीसीटीव्ही, इन्व्हर्टर, पिण्याचं गार पाणी, आणि भाडं कोवर्किंगच्या मानानं अगदी कमी.

हल्ली लॅपटॉपवाले येऊन विचारतात. पण अभ्यासिकेत बोलायला बंदी, आणि त्यांचं अर्धं काम बोलण्याचंच. पोरांची परीक्षा तोंडावर असताना मी कोणाला "हॅलो, ऐकू येतंय का" करू देणार नाही. मागच्या बाजूला एक हॉल रिकामा आहे. तो लॅपटॉपवाल्यांसाठी वेगळा काढावा का, असा विचार चाललाय. काय काय लागेल ते सांगा.

मेहरूणकर

@टेबल लॅम्प दादा, जरूर काढा! दोन फायबर लाइनी, वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि जमलं तर वेगवेगळ्या मार्गांनी आलेल्या. रस्ता खोदला की एकाच खांबावरून आलेल्या दोन्ही लाइनी एकदम जातात. बोलण्यासाठी दार लावता येईल अशा दोन-तीन छोट्या खोल्या. खुर्च्या चांगल्या, प्लास्टिकच्या नकोत. बाकी सजावट नाही केली तरी चालेल.

सुरत पॅसेंजर

आणि हॉल तुमचा स्वतःचा असेल तरच करा, किंवा भाडं कमी-जास्त करता येईल असं बोलून घ्या. वीवर्कसारखी एवढी मोठी कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. जागा वर्षानुवर्षांच्या कराराने घेतलेल्या आणि गिऱ्हाईक महिन्या-महिन्याचं. गिऱ्हाईक आटलं तरी भाडं भरावंच लागतं.

टेबल लॅम्प

हॉल आमचाच आहे, वडिलांचं जुनं गोदाम. म्हणूनच धाडस करतोय.

बोरी नदी

अवांतर होतंय, पण राहवत नाही. मी अमळनेरचा. डिसेंबर १९४५ मध्ये आमच्या गावात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. ज्या कंपनीचं मूळ अमळनेरात, तिच्यासारख्या कंपन्यांत नोकरी करायला आमची पोरं हडपसर आणि हिंजवडीत दहा बाय दहाच्या खोलीत राहतात. घरून काम सुरू झालं तेव्हा गल्लीत किती वर्षांनी तरुण चेहरे दिसले! ते टिकवायचे असतील तर गावात बसायची जागा हवी, असं माझं ठाम मत आहे. नगरपालिकांनी वाचनालयाचा एखादा मजला द्यावा. इमारती आहेत, खुर्च्या आहेत, दुपारभर पंखे रिकाम्या हॉलवर फिरतात.

गांधीपूल

बोरी नदी, शंभर टक्के. आमच्या धुळ्यात आग्रा रोडवरून फिरताना वरच्या मजल्यांवर नजर टाका, बंद गाळेच गाळे. मालक भाडं उतरवत नाहीत आणि भाडेकरू मिळत नाही.

सोनगीर

दादा, घरमा बसीसन काम व्हस नही, हाई खरं शे. मना बी तोच अनुभव शे. पन गावमा ऱ्हाईसन काम भेटस, यानामा बी आनंद शे.

वाघूर

@सोनगीर, वा! धाग्यात अहिराणी बघून बरं वाटलं.

मूळ प्रश्नाकडे येते. रात्रीच्या वेळेबद्दल कोणी बाईच्या बाजूनं लिहिलं नाही, म्हणून लिहिते. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. म्हणजे माझा कामाचा मुख्य वेळ नेमका जागा बंद होण्याचा. मी खुर्ची घेतली आणि सोडली. कारण साधं होतं: साडेनऊनंतर त्या मजल्यावर मी आणि एक शिपाई एवढेच उरायचो. जागेनं काही वाईट केलं नाही, शिपाईकाकाही सज्जन. पण घरी यायचा रस्ता हायवे ओलांडून, आणि आई खिडकीत बसून राहायची. तिच्या जिवाला घोर लावून कमावलेली शांतता मला नको होती.

आता दिवसाचं एकट्यानं करायचं काम मी बाहेर करते आणि कॉल घरी, आतल्या खोलीतून. त्या खोलीच्या दाराला रबरी पट्टी लावली, जाड पडदा लावला, एका भिंतीला गादी-उशांचं कपाट सरकवलं. आवाज बराच कमी झाला. कोवर्किंगवाल्यांकडे अर्ध्या दिवसाचा किंवा आठवड्यातल्या तीन दिवसांचा दर मागा. पाटीवर लिहिलेला नसतो, पण मागितला की देतात.

तापीकाठ

वाघूरताई, हे दार-पडद्याचं आजच करते.

केळीबाग

मी आधी "घरीच बसा" लिहिलं होतं, देवपूरच्या ताईंचं आणि वाघूरताईंचं वाचून मत बदललं. ज्याच्याकडे वेगळं दार आहे त्यानं घरी बसावं. ज्याच्याकडे नाही त्यानं बाहेर बघावं. बाकी मळ्यावर कोणी आलात तर भरीत-कळण्याची भाकरी माझ्याकडून. बामणोदची वांगी आणि काड्यांवर भाजलेलं, गॅसवर नाही.

गांधीपूल

कोवर्किंग राहू द्या, आता हेच ठरवा. तारीख सांगा.

मेहरूणकर

सगळ्यांचे आभार. काय ठरलं ते सांगतो.

गच्चीची खोली रद्द. बांधायला पैसे जातील ते जातीलच, आणि एप्रिल-मेमध्ये तिथे बसवणार नाही. पत्र्याखाली तर नाहीच. कंपनीला मेल टाकला, ताळेबंद साहेबांनी सांगितलं तसा. एचआरनं खर्चाला नाही म्हटलं नाही, फक्त आयटी विभागाची अट आहे: सार्वजनिक वायफायवर काम नको आणि स्क्रीन दुसऱ्याला दिसता कामा नये. हे इतरांनीही आपापल्या कंपनीत विचारून घ्या. काहींच्या करारात कामाची जागा लिहिलेली असते.

त्यामुळे मोकळ्या हॉलमधली खुर्ची बाद. याच धाग्यामुळे निरोपातून आणखी तिघं भेटले, सगळे रात्री काम करणारे, दोघं तर माझ्याच भागातले. चौघांत मिळून मधल्या मजल्यावरचा एक गाळा बघितला, रात्री दहाला जाऊन, तिसरा मजला यांनी सांगितलं तसं. गेटची किल्ली मिळते, खाली मेडिकल स्टोअर उशिरापर्यंत उघडं असतं. समजा भाडं आठ हजार आणि वीज, नेट, झाडलोट मिळून तीन हजार, तर माणशी पावणेतीन हजार पडतात. डिपॉझिट वेगळं. चौघांत इन्व्हर्टर जड वाटत नाही.

आता एकच प्रश्न. करार कोणाच्या नावावर करायचा? मालक म्हणतात, "कागदाची काय गरज, तुम्ही गावातलीच पोरं."

ताळेबंद

कागद हवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. केली नाही तर दंड किंवा कैदेची तरतूद आहे, आणि अटींबद्दल वाद झाला तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं मानलं जातं. हे मालकांना समजावून सांगा, तेच स्वतःहून तयार होतील. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा लागतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असतं, म्हणजे फार खर्च नाही.

चौघांची नावं करारात घाला. एकाच्या नावावर केला आणि त्याची बदली झाली तर बाकीचे तिघं अडकतील. शिवाय आपसात वेगळा एक साधा कागद करा: कोणी सोडलं तर किती दिवस आधी सांगायचं, त्याच्या डिपॉझिटचा वाटा कोण देणार, इन्व्हर्टर आणि टेबलं कोणाची. आणि भाडं कंपनी परत देणार असेल तर तुमच्या वाट्याची पावती मालकाकडून वेगळी मागा, चौघांची मिळून एकच पावती कंपनीत चालत नाही.

टेबल लॅम्प

मेहरूणकर, गाळ्याचं जमलं नाही तर माझा हॉल आहेच. सुतार बोलावलाय, बोलण्याच्या खोल्यांची मापं घेतोय. आतून किती फूट लागतील? चार बाय चार पुरेल का?

वाघूर

चार बाय पाच करा, आणि वर झरोका ठेवा. दार लावून अर्धा तास बोललं की आत घुसमटतं. पंखा लावाल तर आवाज न करणारा, आणि प्लग टेबलाच्या वर घ्या, खाली नको.